ट्रँझिस्टर मंडलांचे सदृशीकरण
सिलिकॉनच्या चकतीवरील संकलित मंडल सुटे भाग जोडून पारखणे अशक्यप्राय असल्याने ते आधी संगणकावर आजमावण्याची पद्धत पडली. तीत सर्वमान्य झालेली ‘स्पाइस’ ही आज्ञावली लॉरेन्स नेगल यांनी डॉनल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) तयार केली (१९७३). तीतील ट्रँझिस्टराचे प्रतिमान गमेल व पून यांच्या १९७० मधील समीकरणांवर आधारलेले आहे. पाया व उत्सर्जक यांमधील संधीचे उलट दाबाखाली होणारे भंजन मात्र त्यात नाही. त्यामुळे दोन ट्रँझिस्टर आळीपाळीने चालू-बंद होणारा १२ व्होल्टचा साधा बहुकंपक प्रत्यक्षात संगणकाने वर्तविलेल्यापेक्षा अधिक कंप्रतेने चालतो, कारण सु. ६ व्होल्टला संधी भंजन पावून धारित्राचा उलट दाब तेथेच अडतो. येथे जोडणीत दोष शोधणे व्यर्थ होय. पायाशी एकसरीत डायोड जोडल्यास तफावत बव्हंशी नाहीशी होते.