गेडिस साहेबांची दिवाळी



मागच्या महिन्यात नगरहून आमच्याकडे पाहुणे आले होते. अहिल्याबाईंच्या माहेरची माणसे, म्हणून राजवाडा दाखवून झाल्यावर मी त्यांना पायीच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे नेले. होळकर घराण्याच्या या छत्र्या खान नदीच्या काठी उभ्या आहेत. दगडातले कोरीव काम पाहून सगळे हरखले. मग पुलावर आलो आणि मामींनी पदर नाकाला लावला. "काय रे, देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ना हे?" २०१७ पासून सलग सात वर्षे इंदूरला तो पहिला नंबर मिळाला, हे मीच सकाळी पोहे खाताना अभिमानाने सांगितले होते. रस्ते खरेच लख्ख आहेत. नदीबद्दल मात्र मला काही बोलता येईना, म्हणून मी त्यांना शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. आपल्या तरुण संघात "विज्ञान शाप की वरदान" हा वाद दरवर्षी रंगतो, आणि त्यात ही गोष्ट कोणी काढत नाही. म्हणून आज ती इथे लिहितो.

१९१७ साली पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ इंदूरच्या गल्ल्यांमधून नकाशा हातात घेऊन फिरत होते. वय ६३. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी अचानक गेली आणि काही आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. डोळे सुधारले, पण सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे झेपेना. तेव्हा त्यांनी आपले लक्ष पेशीकडून वस्तीकडे वळवले: जीव जसा आपल्या परिसरात वाढतो, तसा माणूस आपल्या गावात कसा वाढतो, हा त्यांचा विषय झाला. घर मोठे भाविक, वडील चर्चचे वडीलजन. पॅट्रिक स्वतः त्या चाकोरीत राहिले नाहीत. हे मी लपवत नाही, कारण त्यांना "आपला माणूस" ठरवण्याचा माझा हेतू नाही.

ते वर्ष त्यांना फार कठीण गेले होते. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. पत्नी ॲना तेव्हा इथे भारतात आजारी होत्या. त्यांना धक्का सोसणार नाही म्हणून गेडिसांनी ती बातमी दडवली, आणि मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲनाही कोलकात्यात वारल्या. असा दुहेरी घाव घेऊन हा माणूस त्याच वर्षी आपल्या इंदुरात काम करत होता, तेही अशा शहरात, जिथे प्लेग दारोदार फिरत होता.

प्लेगचे शास्त्र तोवर पुष्कळ कळले होते. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले. हाफकिन यांची लस मुंबईत तयार झाली होती. पण ज्ञान असणे वेगळे आणि ते लोकांच्या दारी कसे न्यायचे, हे वेगळे. १८९७ मध्ये पुण्यात ते गोऱ्या शिपायांच्या हाती गेले. घरे धुंडाळली, सामान रस्त्यावर फेकले, बायकांची अब्रू राखली नाही. पुढे रँडचा खून झाला, हे सर्वांना पाठ असते. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारी प्लेग इस्पितळातल्या कारभाराविरुद्ध जाहीर तक्रार केली, हे आपल्या मंडळ्यांतही फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या ख्रिस्ती होत्या आणि सरकार ख्रिस्ती राज्याचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

इंदूरच्या लोकांनाही नकाशेवाल्या साहेबाची धास्तीच वाटे. हा आला म्हणजे घरे पाडणार! गेडिसांच्या ते लक्षात आले. त्यांनी तुकोजीराव महाराजांकडे (हे तिसरे तुकोजीराव) एक विचित्र मागणी केली: मला एका दिवसापुरते राजा करा. महाराजांनी मान्य केले. मग शहरात दवंडी पिटली गेली की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. कचरा वाहून नेणे फुकट.

आता सांगा, आपल्या दारावरून राजाची मिरवणूक जावी असे कोणाला वाटणार नाही? लोकांनी उंदरांची बिळे बुजवली, भिंती सारवल्या, वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर काढली, आणि गाड्यांमागून गाड्या भरून गेल्या. पुण्यात जे संगिनीने झाले नाही, ते इथे हौसेने झाले.

मिरवणुकीत हत्ती होते, घोडदळ होते, शेतीच्या पिकांचे देखावे होते. त्यामागे पडक्या, कोंदट घरांच्या प्रतिकृती, अस्वच्छतेचा उंच राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर, अंगभर पिसवांसकट. उंदीर मेला की पिसू माणसाकडे येते, हा धडा निरक्षर आजीलाही त्या एका उंदरावरून कळला असेल. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांनाही मैदानात जाळले.

पण मला खरी मोठी वाटते ती मिरवणुकीतली मधली तुकडी. शहराचे सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, नवे झाडू खांद्यावर घेऊन, गळ्यात फुलांच्या माळा घालून चालत होते. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. ज्यांची सावलीही टाळली जाई, ते त्या दिवशी राजाच्या मिरवणुकीत मानाने चालले. ही हकीकत पुढे गेडिसांनी स्वतःच सांगितलेली आहे, तेव्हा सांगणाऱ्याचा थोडा रंग तिच्यात उतरलेला असणार. मिरवणुकीने प्लेग पळाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण साथ आपल्या गतीने चढते आणि उतरते. शिवाय त्या माळा दुसऱ्या दिवशी सुकल्या आणि झाडू मात्र त्याच हातांत राहिला, हेही विसरता येत नाही.

१९१८ मध्ये गेडिसांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, नेमके जिथे दुखते तिथेच हात घाला, असे त्यांचे म्हणणे. घाण पाणी नळांतून लांब नदीत सोडून देण्यापेक्षा ते बागांना आणि जमिनीला द्या, असाही त्यांचा आग्रह होता. पुढे १९२४ पासून इथेच अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतीसंशोधन केले. काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर लावून, ढीग वेळोवेळी उलटवून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी बसवली. जगभर तिला "इंदूर पद्धत" म्हणतात. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव छापलेले आहे, आणि त्या नावापाशी मी दर वेळी थोडा थांबतो.

पवित्र शास्त्र या गोष्टींना हलके मानत नाही. अनुवादाच्या २३ व्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकण्याची आज्ञा आहे, आणि कारण असे दिले आहे की परमेश्वर स्वतः त्या छावणीत फिरत असतो. नहेम्याच्या ३ ऱ्या अध्यायात तटबंदी बांधणाऱ्यांची लांबलचक यादी येते. उपासनेत तो अध्याय वाचायची पाळी आली की आपण कंटाळतो. त्या यादीत उकिरडावेस दुरुस्त करणाऱ्याचे नावही आहे: मल्कीया, रेखाबाचा मुलगा, आणि तोही एका प्रांताचा अधिकारी. गावाचा कचरा ज्या दाराने बाहेर जाई, ते दार याने आपल्या हातांनी उभे केले, आणि अडीच हजार वर्षांनंतरही त्याचे नाव, बापाच्या नावासकट, आपल्याला वाचायला मिळते.

पाहुणे गेल्यावर रात्री मी मंडळीच्या जमाखर्चाची वही काढली. नाताळाआधीच्या सफाईचा अंदाज करायचा होता. पेटीवादकाचे नाव आहे, मांडववाल्याचे आहे, केकवाल्याच्या दुकानाचे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला मात्र माझ्याच अक्षरात, गेली अकरा वर्षे, एकच नोंद आहे: "झाडूवाली बाई".