चंक्रमण आणि वाटेचे दान

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ व्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. तेथील शिलालेखात मंडप व चित्रे यांच्याबरोबर जलाशयाचाही उल्लेख आहे. ऐन राजवैभवातील हा सचिव वत्सगुल्मापासून दूर, वाघुर नदीच्या निर्जन दरीत इतरांसाठी निवारा कोरवितो. तेव्हा प्रश्न पडतो : शांत स्थळ वाटून घेतले, तर त्याची शांतता उरते काय?

विनयपिटकात याचे उत्तर मिळते. बिंबिसाराने वेळुवन दान देताना जे निकष लावले, ते लक्षणीय आहेत. स्थळ गावापासून फार दूर नसावे, फार जवळही नसावे. येणाऱ्यास सुगम असावे. दिवसा गर्दी नसावी आणि रात्री गलबला नसावा. म्हणजे एकांत हवा, पण लोकांस दुरावलेला नव्हे.

अशा स्थळी भिक्षू येरझारा घालीत. पालीत त्यास ‘चंकम’ म्हणतात. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, साधनेची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि चालता चालता साधलेल्या समाधीचे टिकाऊपण. चुल्लवग्गात या वाटेचा विकास क्रमाने दिसतो. ओबडधोबड जमिनीने पाय दुखू लागले, म्हणून ती सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. पाणी साचू लागले, म्हणून ती उंच केली. वरून पडण्याचे भय, म्हणून कठडा आला. ऊन व थंडी यांसाठी चंकमनशाला आली. प्रत्येक सुधारणा एकाच्या त्रासातून निघाली आणि सर्वांची झाली.

शिलालेखही हेच सांगतात. कनिष्काच्या ३ ऱ्या राज्यवर्षी भिक्षू बल याने सारनाथ येथे बुद्धाच्या चंक्रमणस्थानी बोधिसत्त्वाची मूर्ती स्थापिली. कान्हेरीस कल्याणच्या एका लोहाराने वाट दान दिल्याची नोंद आहे. सचिवाने लेणे दिले, लोहाराने वाट दिली. पुण्याच्या दृष्टीने दोन्ही देयधर्मच.

असे दान बहुधा चारी दिशांच्या, आलेल्या व येणार असलेल्या संघास दिले जाई. त्यामुळे पहिला आलेला मालक होत नसे आणि मागून येणारा उपरा ठरत नसे. मात्र वाटेकऱ्यांवर बंधन होते. चातुमा सुत्तात गलबला करणाऱ्या भिक्षूंस बुद्धांनी कोळ्यांची उपमा देऊन परत पाठविले, असे सांगितले आहे. शाक्यांनी व ब्रह्मा सहंपतीने विनंती केल्यावरच त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला.

आमच्या मते याचा अर्थ असा की, शांतता ही जागेची नव्हे, तर तेथे येणाऱ्यांच्या वर्तनाची देणगी होय. आज विहाराच्या आवारात एक सपाट, सावलीची वाट राखणे आणि तिच्यावर इतरांस बोलावणे हेही वराहदेवाच्या परंपरेतीलच दान ठरेल.