कॅबट टॉवर
कॅनडाच्या न्यू फाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स शहरालगत, बंदराच्या मुखाशी असलेल्या सिग्नल हिल या खडकाळ टेकडीवरील दगडी टेहळणी मनोरा. जॉन कॅबटच्या १४९७ मधील सफरीची चारशे वर्षे (पहा : कॅबट, जॉन) व व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव यांचे स्मारक म्हणून १८९८ मध्ये बांधकामास प्रारंभ, १९०० मध्ये पूर्ण. दुमजली चौरस इमारतीच्या कोपऱ्याला अष्टकोनी मनोरा जोडलेला आहे. जहाज दृष्टिपथात येताच त्याच्या मालक पेढीचे निशाण डोलकाठीवर चढवून शहरास वर्दी देत. निशाणांची ही पद्धत १९६० पर्यंत टिकली. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडमधील पोल्ड्यूहून आलेला अटलांटिकपारचा पहिला बिनतारी संदेश, मोर्स लिपीतील तीन टिंबे, याच टेकडीवर पतंगाला बांधलेल्या तारेने ग्रहण केला. मात्र मनोऱ्यात नव्हे, जवळच्या जुन्या रुग्णालयात (पहा : बिनतारी संदेशवहन).