मिरगी, जोडा आणि कायदा

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत मिरगीचा झटका आला की रोग्याच्या नाकाला जोडा लावतात. जोडा शिवणारे हात विटाळाचे, जोडा मात्र औषध! झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो. श्रेय जोड्याला मिळते. वास्तविक हा मेंदूतील विद्युतप्रवाहाचा क्षणिक गोंधळ. तरीही १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात (तो बौद्धांनाही लागू आहे) मिरगीला वेडाच्या पंक्तीत बसवले. अशा रोग्याचा विवाह रद्द होऊ शके. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द वगळला. आपल्या वस्त्यांत मात्र मुलीची मिरगी अजून लपवली जाते. सासरी गोळ्या सुटतात आणि झटका तिला चुलीपाशी, विहिरीपाशी गाठतो. कायदा सुधारला, आपण कधी सुधारणार?