वस्ताद, पठ्ठा आणि खुराक

सातारा-सांगलीत ‘तालीम’ म्हटलं की लाल माती डोळ्यांपुढे येते. शब्द मात्र मूळचा शिकण्या-शिकवण्यातला. अरबीत ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. त्याच धातूतून ‘तालीम’, म्हणजे शिकवणं. नाटकवाल्यांनी तो सरावासाठी घेतला, तर गोळेश्वर-कवठेपिरानच्या पैलवानांकडे अख्खी इमारतच तालीम झाली. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’. त्याला ‘व’ आपल्या जिभेनं लावला.

वस्ताद आखाड्यातच लागतो असं नाही; अर्थशास्त्रात नव्यानं येणाऱ्यांनाही ‘मेंटर’ हवा, असं हल्ली म्हणतात. हे ग्रीक महाकाव्यातलं नाव. युद्धावर जाताना ओडिसियसनं आपलं घरदार या मेंटरच्या हवाली केलं होतं. आपण मराठीत ‘मार्गदर्शक’ म्हणतो, पण मला तो शब्द अपुरा वाटतो. वाट काठावरूनही दाखवता येते. वस्तादाला मातीत उतरून पठ्ठ्याशी झोंबावं लागतं, त्याचा डाव कच्चा असेल तर तिथंच तोडून दाखवावा लागतो.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालेले भीमराव, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, पुढे अर्थशास्त्रज्ञ झाले. लंडनमध्ये त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन कॅनन भेटले. 1923 साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुस्तकरूपानं आला, तेव्हा प्रस्तावनेत कॅनननी आपल्याला यातले बहुतेक युक्तिवाद पटत नसल्याचं उघड लिहिलं; आणि जिथं लेखक चुकतोय असं वाटलं तिथंही त्याच्या विचारांतला ताजेपणा आपल्याला भावला, हेही लिहिलं. तरुण संशोधकाचा याहून मोठा मान मला माहीत नाही. त्याचं म्हणणं खोडण्याच्या योग्यतेचं मानलं गेलं होतं.

पण नुसत्या डावांवर पैलवान होत नाही. ‘खुराक’ हाही फारसीच शब्द, अर्थ साधा: खाणं. तालमीत त्यात दूध, तूप, बदाम आले. बाबासाहेबांचा खुराक म्हणजे 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि पुढे शाहू महाराजांची मदत. ती नसती, तर कॅननपर्यंत ते पोचलेच नसते. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं, त्यामागेही हीच समज होती. सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि 1950च्या दशकात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवू लागले. तिथं ‘कमवा आणि शिका’ योजनेचे रेक्टरही तेच. वर्ग आणि खुराक, दोन्ही एकाच माणसाकडे!

आज जत-आटपाडीची मुलगी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र घेते, तेव्हा तिच्या घरात ‘शोधनिबंध’ हा शब्द पहिल्यांदाच येत असतो. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात ती निबंध वाचेल, त्याच्या महिनाभर आधी कुणा ज्येष्ठानं तो ओळ न् ओळ वाचावा, तिच्या आकड्यांशी भांडावं. आणि तिच्या गाडीभाड्याची व मुक्कामाची सोय तिनं मागण्याआधी झालेली असावी.