कॅरॅक्टर म्हणजे ठसा

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी स्वस्तातली लेन्स शोधणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : कॅरॅक्टर. या लेन्सला कॅरॅक्टर आहे, त्या लेन्सला नाही. म्हणजे नेमकं काय, हे विचारलं की उत्तरं वेगवेगळी मिळतात. शब्दाच्या मुळाशी गेलं की मात्र अर्थ लख्ख होतो. ग्रीक 'खाराक्तेर' म्हणजे नाण्यावर छाप उमटवण्याचं हत्यार, आणि त्यानं उमटलेली छापही. ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ कोरणे, ओरखडणे. माणसाचा स्वभाव हा अर्थ पुढचा. म्हणून इथे 'चारित्र्य' हा प्रतिशब्द कामाचा नाही, 'ठसा' हाच खरा. ज्या लेन्सचा ठसा चित्रावर ओळखू येतो, ती कॅरॅक्टर असलेली लेन्स.

हा ठसा येतो कुठून? त्याचं उत्तर मराठी परिभाषेतल्या एका सुंदर शब्दात आहे : विपथन. वाट सोडून जाणं. इंग्रजी 'अॅबरेशन'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही भटकणं असाच. एका बिंदूतून निघालेले सगळे किरण पुन्हा एका बिंदूत मिळावेत, ही भिंगाकडून अपेक्षा. पण गोलाकार घासलेल्या काचेच्या कडेने जाणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात. हे गोलीय विपथन. निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी मिळतात, ते वर्णविपथन. काचा जोडून, त्यांची वक्रता बदलून रचनाकार ही भटकंती आवरतो. जी आवरता आली नाही, किंवा त्यानं जाणून राहू दिली, तोच लेन्सचा ठसा. आजच्या लेन्समध्ये संगणकाच्या मदतीनं ती इतकी आवरलेली असते की दोन कंपन्यांच्या चित्रांत फरक शोधावा लागतो. जुन्या लेन्सची ओढ म्हणूनच मला पटते. तिच्यात तिच्या रचनाकाराचे निर्णय दिसतात.

'लेन्स' हा शब्द तर थेट कोठीतून आला आहे. लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. दोन्हीकडून फुगीर काचेचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, म्हणून हे नाव. अरबीतही 'अदसा' म्हणजे मसुरीचा दाणा आणि भिंगही. 'फोकस'चा लॅटिन अर्थ चूल. प्रकाशशास्त्रात तो १६०४ मध्ये केप्लरनं आणला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याच जागी 'नाभी' बसवली. एका भाषेला तिथे घराचं केंद्र दिसलं, दुसरीला शरीराचं.

खरेदीला निघणाऱ्यानं लेन्सच्या पुढच्या कड्यावर कोरलेलं नाव आधी वाचावं, कारण बरेचदा कुळाची माहिती त्यातूनच मिळते. पाउल रुडोल्फ यांनी १९०२ मध्ये झाइससाठी रचलेली 'टेसार' म्हणजे चार काचांची लेन्स. ग्रीक 'तेस्सारेस', संस्कृत 'चत्वारः' आणि आपलं 'चार' ही एकाच मुळाची रूपं आहेत. सोव्हिएत 'इंदुस्तार' याच चार काचांच्या घराण्यातली. मध्यभागी नेटकी, कोपऱ्यांत थोडी मऊ. तिच्या इंदुस्तार-६१ एल/डी या प्रकारातलं 'एल' हे अक्षर काचेत मिसळलेल्या लँथेनमचं आहे.

दुसरं घराणं 'झोन्नार'चं. झोन्टहाइम गावातल्या नेटेल कंपनीचं हे नाव १९२६ च्या विलीनीकरणात झाइस इकॉनकडे आलं. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी जी एफ/२ लेन्स रचली, तिला ते दिलं गेलं. जर्मनमध्ये 'झोन्ने' म्हणजे सूर्य, आणि इतकी प्रकाशग्राही लेन्स तेव्हा विरळाच. सहा काचा तीनच गटांत चिकटवल्यामुळे हवा आणि काच यांच्या सीमा कमी झाल्या, परावर्तन घटलं. काचेवर लेप देण्याची पद्धत रुळण्याआधी हा मोठा लाभ होता. युद्धानंतर हीच रचना मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये गेली. आधी तिचं नाव 'झेडके', म्हणजे क्रास्नोगोर्स्कची झोन्नार. पुढे ती ज्युपिटर-८ झाली. तिथलाच कॅमेरा 'झोर्की', अर्थ तीक्ष्ण नजरेचा.

लायका कॅमेरा बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीच्या लेन्सच्या नावांत माणसं आहेत. 'एल्मार'च्या आधीची 'एल्माक्स' म्हणजे एर्न्स्ट लाइट्झ आणि रचनाकार माक्स बेरेक यांची जोड. 'हेक्टोर' हे तर बेरेक यांच्या कुत्र्याचं नाव.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळची कथा जपानची. १९३४ मधल्या ज्या नमुना कॅमेऱ्यातून पुढे कॅनन कंपनी उभी राहिली, त्याचं नाव होतं 'क्वानोन', म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तो हाच. अवलोकन ज्याच्या नावातच आहे, त्याचं नाव कॅमेऱ्याला मिळालं. लेन्सचं नाव 'कश्यप', बुद्धांचे शिष्य महाकाश्यप यांच्यावरून. तैत्तिरीय आरण्यकानं कश्यप या शब्दाचा संबंध 'पश्यक' म्हणजे पाहणारा याच्याशी लावला आहे. भाषाशास्त्राला ती व्युत्पत्ती मान्य होणार नाही, पण लेन्सला याहून शोभणारं नाव मला माहीत नाही. युद्धोत्तर काळात कॅननच्या लेन्स 'सेरेनार' म्हणून विकल्या जात. लॅटिन 'सेरेनुस' म्हणजे निरभ्र.

मग निवड कशी करावी? पार्श्वभूमी विरघळावी, उजेडाच्या कडा पाझराव्यात असं वाटत असेल, तर ज्युपिटर-८ घ्या. या विरघळण्याला आता जगभर 'बोके' म्हणतात. जपानी 'बोकेरू' म्हणजे धूसर होणं. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकानं तो शब्द इंग्रजीत रुळवला. रेषा आणि पोत हवा असेल तर इंदुस्तार. समतोल हवा असेल तर कॅननची ५० मिमी एफ/१.८, मात्र तिच्या आतल्या काचेवर धुकट थर येण्याची खोड आहे.

या तिघीही ३९ मिमीच्या आट्यांवर बसतात, पण एक मेख आहे. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचं पुढेमागे सरकणं कॅमेऱ्यातली तरफ मोजते. लायकाचं हे गणित ५१.६ मिमी नाभीय अंतरावर बेतलेलं, तर सोव्हिएत लेन्स कॉन्टॅक्सच्या ५२.४ मिमीच्या हिशेबाची. म्हणून लायका किंवा कॅननवर ज्युपिटर लावून, झरोका (अॅपर्चर) पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपला, तर फोकस थोडा चुकतो. झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर ती अडचण नाही.

हातात घेतल्यावर मागून विजेरीचा झोत टाकून काच पाहा. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये पावसाळी हवेची बुरशी जाळ्यासारखी पसरलेली असू शकते. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, पण बुरशी आणि धुकं चित्राचा कॉन्ट्रास्ट खातात. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. विपथन हा रचनाकारानं दिलेला ठसा, बुरशी ही हेळसांड. विक्रेता दोन्हींना 'कॅरॅक्टर' म्हणेल. पैसे पहिल्याचे द्यावेत.