दत्तूचा ठेका

रेडिओवर जुनं हिंदी गाणं लागलं की निवेदक काय सांगतो, आठवून पाहा. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. ढोलक कुणी वाजवला ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पण हिंदी सिनेसंगीतात एक ठेका असा आहे, की वादकाचं नाव त्याला चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. वादक मंडळी त्याला ‘दत्तू ठेका’ म्हणतात. हा दत्तू म्हणजे दत्ताराम लक्ष्मण वाडकर. जन्म १९२९ चा, गोव्यातला. बालपण मात्र सावंतवाडीचं.

जन्म गोव्यात आणि वाढला सावंतवाडीत, याचं आम्हा डिचोली-पेडण्याकडच्या माणसांना नवल वाटत नाही. हे महाल मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचे. पोर्तुगिजांकडे ते आले अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ मध्ये. मधे सरहद्द आली, चौक्या आल्या, पण सोयरिकी तुटल्या नाहीत, देव बदलले नाहीत, आणि रात्र रात्र चालणारा दशावतार दोन्हीकडे तोच राहिला. पेटी, पखवाज आणि झांज. इकडच्या मुलाच्या कानावर लय पडते ती अशी देवळाच्या मांडवातून.

१९४२ साली वाडकर कुटुंब मुंबईला गेलं. दत्तारामांच्या आईला शास्त्रीय संगीताची ओढ होती, आणि मुलगा तबला शिकायला गेला तो त्या ओढीमुळे. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. मुलगा तबल्याला बसला की तो हातचा गेला, असं भल्या घरात सरसकट बोललं जायचं तो हा काळ. अशा वेळी एका आईला मुलाने ठेका शिकावा असं वाटलं. इतिहासात तिच्या वाट्याला एक ओळ येते, तीही मुलाच्या चरित्रात. गुरू मिळाले पंढरीनाथ नागेशकर, म्हणजे आपल्या नागेशीचेच. पुढे सुरेश तळवलकरांसारखा तबलावादकही त्यांच्याकडेच शिकला.

दत्तारामांना व्यायामाचाही नाद होता. व्यायामशाळेतच त्यांची शंकर नावाच्या तरुणाशी ओळख झाली. हा शंकर पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवायचा. तो दत्तारामांना तिथे घेऊन गेला. १९४९ मध्ये ‘बरसात’ आला, शंकर-जयकिशन ही जोडी घराघरात पोहोचली, आणि दत्ताराम त्यांच्या तालविभागात कायमचे झाले. सुरावटींची आणि व्हायोलिनच्या ताफ्याची मांडणी लवकरच सेबास्टियन डिसोझा बघू लागले. तेही गोंयकार. म्हणजे एका बाजूला चर्चच्या शाळांतून चालत आलेलं स्वरलिपीचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला नागेशीच्या गुरूचा तबला. ‘श्री ४२०’ किंवा ‘जिस देश में गंगा बहती है’ची गाणी ऐकताना गोव्याचे हे दोन्ही हात एकाच वेळी वाजत असतात. श्रेयनामावलीत सहाय्यक म्हणून दत्ताराम आणि सेबास्टियन ही नावं शेजारी शेजारी दिसायची. ती वाचण्याआधीच चित्र पुढे सरकायचं, ही गोष्ट वेगळी.

तर हा ठेका म्हणजे नेमकं काय? घराणं वगैरे काढायला मी काही तबलजी नव्हे, कानाला कळतं तेवढं सांगते. मूळ केरवाच, आठ मात्रांचा, कुणालाही येणारा. पण यात ढोलकाची जाड बाजू नुसती ठोकत नाही, घुमते आणि पुढच्या मात्रेवर ओघळत जाते. ठेका गाण्याला ढकलत नाही, झुलवतो. ‘परवरिश’मधलं मुकेशचं ‘आँसू भरी हैं’ लावून पाहा. दुःखाचं गाणं, चाल संथ, आणि तळाशी ढोलक एखाद्या बोटीसारखा हलत राहतो. रडू येतं, पण गाणं रडकं होत नाही. हे श्रेय मी तरी निम्मं ढोलकाला देते.

आमच्या मंडळात पूजेच्या वेळी स्तवनं म्हणतो, त्यातली निम्मी सिनेमाच्या चालीवर बसवलेली असतात, हे तुम्हाला काय सांगायचं! ढोलकीवाला मुलगा विचारतो, “काकू, दत्तू धरू का?” दत्तू कोण ते त्याला ठाऊक नसतं. ठेका मात्र अचूक येतो.

वादकाचं नाव असं त्याच्या वाजवण्याला मिळणं दुर्मीळच. अमेरिकेत ब्लूग्रास नावाचं लोकसंगीत आहे, त्यात बँजो वाजवणारा अर्ल स्क्रग्ज होऊन गेला. हा आपल्या मिरवणुकीतला पेटीसारखा बँजो नव्हे, गळ्यात अडकवून छेडायचा. १९४५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो बिल मन्‍रोच्या ताफ्यात शिरला आणि तीन बोटांनी त्याने जे काही वाजवलं त्याला आजही ‘स्क्रग्ज पद्धत’ म्हणतात. दोन-तीन वर्षांतच तो बाहेर पडला आणि जोडीदाराबरोबर स्वतःचा ताफा काढला. दत्तारामांनी तसं केलं नाही.

संधी आली नव्हती असं नाही. राज कपूरनेच १९५७ मध्ये आपला ‘अब दिल्ली दूर नहीं’ त्यांना स्वतंत्रपणे दिला. ‘चुन चुन करती आयी चिड़िया’ त्यातलं. आपण ते मुलांना खेळवताना म्हटलं, आता नातवंडांना म्हणतो. मग ‘परवरिश’, ‘कैदी नं. ९११’, ‘काला आदमी’, ‘ज़िंदगी और ख़्वाब’. गाणी एकाहून एक, चित्रपट बहुतेक बेताचे. आणि हे सगळं करत असताना शंकर-जयकिशनच्या ध्वनिमुद्रणाला सहाय्यक म्हणून हजेरी चालूच. स्वतःच्या नावावर गाणी गाजलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाण्याचा ताल बसवायला जाऊन बसतो! याला कुणी महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणेल. मला तसं वाटत नाही. शंकरने हात धरून आणलं होतं, ते त्यांनी विसरायचं नाकारलं असावं. पण त्याची किंमत पडलीच, हेही खरं.

शेजारी ठेवायला दुसरं उदाहरणही घरचंच आहे. पेडण्यातल्या आरोबा गावचे दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता. लहानपणीच घर सोडून मुंबईला गेले, सचिनदेव बर्मनचे सहाय्यक झाले, पण १९५५ च्या ‘मिलाप’पासून स्वतंत्र वाटेने निघाले ते परत फिरले नाहीत. ‘साधना’, ‘धूल का फूल’, आणि मराठीत ‘अपराध’. ‘निंबोणीच्या झाडामागे’ ही अंगाई गाऊन ज्यांनी मुलं निजवली, त्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे, की ती चाल पेडण्याच्या माणसाची आहे? नावांच्या सारखेपणामुळे या दोघांची गल्लत नेहमी होते. एकाची गाणी दुसऱ्याच्या नावावर सांगितलेली मी अनेकदा ऐकली आहेत.

१९७१ मध्ये जयकिशन गेले आणि त्या ताफ्याचे सोन्याचे दिवस सरले. एन. दत्ता १९८७ मध्ये वारले, दत्ताराम २००७ च्या जूनमध्ये. ढोलकीच्या शिकवणीत मात्र केरवा पक्का झाला की अजून मुलांना सांगतात, आता दत्तू घे.